चोपन्न टक्के श्वास

मी माझ्या गाडीच्या नाकावर फडकं बांधलं आणि बांधलंय हे विसरून गेलो.

गाडीला नाक असतं. बॉनेट उघडलं की पुढच्या जाळीच्या मागे, बॅटरीच्या बाजूला एक चपटं प्लास्टिकचं नळकांडं दिसतं. इंजिन त्यातून हवा आत ओढतं. पुढे ती हवा फिल्टरमधून गाळून जाते, म्हणजे गाळायची सोय गाडी बनवणाऱ्यांनी केलेलीच असते. त्यांच्या सोयीच्या आधी मी माझी सोय केली. नंतर गाडीला दम का लागतो हे शोधायला मी जे काही केलं त्यात इतकं गणित होतं, इतकी यंत्रं होती आणि वर एक अख्खा घाट होता, की फडकं सोडून सगळं सापडलं.

शरमेची बाजू अशी, की आयुष्यभर माझं पोट भरलं तेच मुळी प्रवाह मोजून. कागद कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. कुठल्या पाइपातून लगदा किती जातो, बॉयलरला हवा किती मिळते, वाफ किती निघते, हे दाखवणारे मीटर लावायचे, तपासायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे. एकदा एक मीटर शून्यच दाखवतो म्हणून मी तो खोलला, पुसला, परत जोडला, चार शिव्या घातल्या आणि बदलायला काढला. तेव्हा बॉयलरवरचा माझा दोस्त तंबाखू मळत आला आणि म्हणाला, "भो, पाइप बंद आहे. कालपासून." हा दोस्तही आता बुऱ्हाणपुरातच राहतो, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या फजितीला तो हजर नसला तर मलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

बायको पुण्याला गेली त्याला कारण आमची नात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत, पण मुलीची डॉक्टरीण पुण्यात, नोकरी पुण्यात, तेव्हा माहेरच उठून पुण्याला गेलं आणि बाप तेवढा बुऱ्हाणपुरातल्या लालबागला राहिला. तीन महिन्यांचा बेत होता. मग नातीला थंडी बाधली. मग मुलीची रजा संपली. मग पाळणाघर मुलीच्या पसंतीला उतरेना. प्रत्येक वेळी बायको फोनवर म्हणायची, "अजून थोडे दिवस बघते," आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचो, "राहा की, इथे काय अडलंय."

जायच्या आधी तिने एक जुनी सुती साडी फाडून नळाची फडकी करून ठेवली होती. आमच्याकडे नळाच्या तोंडाला फडकं बांधायचं, पाण्यातली रेती आणि गाळ त्यात अडतो, आणि दर आठवड्याला ते बदलायचं. जांभळी साडी, पिवळे ठिपके. ही साडी नेसून ती डोईफोडिया गावाच्या रस्त्याला सीताफळं निवडायला बसायची. टोपलीवाल्या बाईशी तासभर बोलून झाल्यावर गाडीत येऊन म्हणायची, "बाई चांगली आहे, सीताफळं काही खास नाहीत," आणि तरी टोपली मागच्या सीटवर असायचीच. त्या साडीचे चौकोनी तुकडे करून, घड्या घालून, ओट्याखाली ठेवून ती गेली. दारातून परत वळून म्हणाली, "फडकं बदलत जा हो."

मी बदललं. पहिल्याच रविवारी बदललं, नीट धुऊन वाळत घातलं, आणि अजून अख्खा रविवार उरला होता. हातात एक जास्तीचं फडकं होतं. अंगणात गाडी उभी. आमच्या मागच्या गल्लीत पावरलूम चालतात, त्यांचा कापसाचा तूस उडून सगळीकडे बसतो, दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीवर, गाडीच्या काचेवर. मला वाटलं, नळाला जर फडकं, तर इंजिनाने काय घोडं मारलंय? बॉनेट उघडलं, नळकांड्याच्या तोंडावर फडक्याची दुहेरी घडी धरली, सुतळीने आवळून गाठ मारली. कोणाची तरी काळजी घेतली असं वाटून बरं वाटलं. मग आत जाऊन झोपलो, आणि उठलो तेव्हा ही गोष्ट डोक्यातून पार गेली होती.

पुढे पावसाळा गेला, हिवाळा गेला. रोज संध्याकाळी फोनवर एकमेकांची तोंडं दिसायची. ती नातीला पुढे धरायची, नात फोन चाटायची. मी तिला दिवसभराच्या बातम्या द्यायचो. पाणी उशिरा आलं. शेजाऱ्यांनी केळीचा घड दिला, एकट्याने कसा संपवू. गाडी आज जरा ओढत नव्हती. बोलायला जे बसायचो ते राहून जायचं आणि त्याच्या जागी गाडीच यायची.

गाडीत मला तिचं नसणं जास्त जाणवायचं. तिला रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायची सवय आहे. "पंक्चर की दुकान. महाराष्ट्रीयन थाली. आगे पुल संकरा है. अहो, पूल अरुंद आहे म्हणतायत." वीस वर्षं मी म्हणत आलो, की मला वाचता येतं. आता तापीच्या पुलावरून एकटा जायचो तेव्हा पाट्या मुक्यानेच मागे जायच्या. एके दिवशी मीच मोठ्याने म्हणालो, "आगे पुल संकरा है," आणि स्वतःचा आवाज ऐकून इतका ओशाळलो, की काच वर केली.

त्याच पुलाच्या पुढे एकदा केळ्यांचा एक ट्रक माझ्यापुढे होता. मी ओलांडायला गाडी बाहेर काढली, पाय खाली दाबला, आणि ती जागच्या जागी धापा टाकत राहिली. ट्रकवाल्याने हात बाहेर काढून जा, जा अशी खूण केली. जाता आलं तर ना! शेवटी मी परत त्याच्या मागे आलो. त्याने आरशातून बघितलं असेल, कारण पुढच्या वळणावर त्याने दयेने ट्रकच बाजूला घेतला.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा मी फोनवर जाहीर केलं, "गाडी घेऊन येतो आणि तुला घरी आणतो."

बायकोच्या आधी मुलगीच बोलली. "त्या गाडीने, बाबा? बुऱ्हाणपूरहून पुण्याला? तिचं वय बघा, तुमचं बघा. विकून टाका ती. आणि खरं सांगू का, तिथे एकटे काय करता तुम्ही? घर भाड्याने द्या आणि या इकडे कायमचे."

कायमचे या शब्दावर मी अडलो. मुलीचं घर छान आहे, सातव्या मजल्यावर आहे, सगळं आहे. पण मला बायको हवी होती ती आमच्या ओट्यापाशी, आमच्या अंगणात, तूस बसलेल्या दोरीवर वैतागताना. हे मुलीला सरळ सांगावं की नाही? मी भलतंच बोललो. "ठीक आहे. गाडी मी तपासतो. धडधाकट निघाली तर येऊन तुझ्या आईला घेऊन जातो. नाही निघाली तर विकतो आणि येतो तिकडे कायमचा."

असं काही कोणीही मला विचारलं नव्हतं. बायको मागून नुसतं म्हणाली, "बघा."

आता बघायचं म्हणजे कसं? गॅरेजमध्ये दाखवायला काय झालं होतं? पण मी इन्स्ट्रुमेंटवाला. मी मोजणार.

इंजिन म्हणजे एका अर्थी हवेचा पंपच. दर फेरीला ठरावीक जागा रिकामी होते आणि त्या जागेत हवा शिरते. जेवढी शिरायला हवी त्यातली खरी किती शिरली, त्या टक्केवारीला पुस्तकात आकारमानीय कार्यक्षमता म्हणतात. एवढं म्हणेपर्यंत इंजिन बंद पडेल, म्हणून मी तिला श्वास म्हणतो. चांगल्या तब्येतीच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा श्वास पूर्ण जोर लावताना ऐंशीच्या पुढे असतो. झडपा, रिंगा झिजल्या की तो घसरतो. आणि माझ्या गाडीत फिल्टरच्या पुढे एक सेन्सर आहे, आत जाणाऱ्या हवेचं वजन तो सेकंदाला इतके ग्रॅम असं सांगत असतो. सांगतो इंजिनाच्या कॉम्प्युटरला, पण चोरून ऐकता येतं. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिच्यात काडेपेटीएवढं यंत्र खोचलं की ते सगळे आकडे फोनवर दाखवतं. ते मी मागवलं. ज्या दिवशी आलं त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी दुपारी झोपलो नाही.

एक अडचण होती. अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट दाबला तर इंजिनाच्या घशातली झडप अर्धीच उघडते, मग हवा कमी आली तर दोष झडपेचा की इंजिनाचा ते कळत नाही. म्हणून पाय पूर्ण खाली हवा. सपाट रस्त्यावर असा पाय ठेवला तर गाडी आपल्या आधी खंडव्याला पोचेल. त्यामुळे चढ हवा. म्हणजे आसीरगड किल्ल्याचा घाट. आणि चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नसतं, म्हणून शेजारी एक माणूस हवा.

"म्हणजे मी," दोस्त म्हणाला.

"तू फक्त आकडा वाचायचास."

"आणि गाडी दरीत गेली तर तोही वाचू?"

सकाळी निघालो. तो बसला आणि लगेच ओरडला, "अरे यार, ही सीट मागे घे ना! गुडघे नाकाले लागतात."

बायको बुटकी आहे. तिची सीट पार पुढे ओढलेली असते.

"ती मागे जात नाही," मी म्हणालो.

"जात नाही का घेत नाहीस?"

"अडकलीय."

त्याने सीटखालच्या दांडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुडघे पोटाशी घेऊन बसला. आसीरगडपर्यंत तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. मी मात्र बोलत होतो. "ढाबा शुद्ध शाकाहारी. दुर्घटना संभावित क्षेत्र. धीरे चलें."

"मले वाचता येते भो," तो म्हणाला.

घाट लागला. दुसरा गिअर टाकला आणि पाय तळापर्यंत नेला. इंजिन मोठ्याने कण्हलं, पण गाडी जेमतेम वेग घेत होती. "तीन हजार फेऱ्यांना सांग," मी ओरडलो. "तीन हजार फेऱ्या झाल्या की लगेच ग्रॅम!"

"थांब, आकडे नाचतात... अठ्ठावीसशे... एकोणतीसशे... हां, तीन हजार! बावीस!"

"बावीस काय?"

"मले काय माहीत? तूच म्हटलं ग्रॅम!"

खाली येऊन परत चढलो. परत बावीस. अजून एकदा चढलो, जरा कमीच. वरच्या चहाच्या टपरीशी गाडी लावली आणि बॉनेटवर कागद ठेवून मी गणित मांडलं. दोस्ताला समजावत मांडलं, कारण समजावताना माझा आवाज ठाम असतो. "इंजिन दीड लिटरचं. दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून हवा घेतं. मिनिटाला तीन हजार फेऱ्या म्हणजे दीड हजार श्वास, म्हणजे सेकंदाला पंचवीस. पंचवीस गुणिले दीड, साडेसदतीस लिटर. आता हवा. थंडीत ती दाट असते, उन्हात पातळ होते. आत्ता आत जाणारी हवा चाळीस अंशांची आहे, म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम आणि वर चिमूटभर. सगळं मिळून एक्केचाळीस ग्रॅम आत जायला हवी."

"आणि जाते बावीस."

"चोपन्न टक्के."

"मॅट्रिकले मले त्याच्यापेक्षा कमी होते. पास आहे मंग तुझी गाडी!"

मी हसलो नाही. मनात घर भाड्याने दिलं होतं, सामान बांधलं होतं, सातव्या मजल्यावर जाऊन बसलो होतो.

दोस्ताने चहा फुंकून प्यायला. "फिल्टर पाहिला होता का?"

पाहिला होता. खास त्यासाठी आदल्या दिवशी डबा उघडला होता. फिल्टर कोरा होता, दुकानातून आणल्यासारखा. इतक्या महिन्यांत त्यावर धुळीचा कण नाही याचं मला नवल वाटायला हवं होतं, पण वाटला तो अभिमान. आपण गाडी किती स्वच्छ ठेवतो! फिल्टर स्वच्छ म्हणजे हवेची वाट मोकळी, वाट मोकळी असून हवा जात नाही म्हणजे इंजिन आतून झिजलंय, असा तर्क मी टप्प्याटप्प्याने दोस्तासमोर मांडला. त्यात एकही टप्पा चुकलेला नव्हता, फक्त पहिल्याच्या आधीचा एक राहिला होता.

"बुढं झालं मंग," दोस्त म्हणाला. "आपल्यासारखं. छोड ना."

परत येताना मी पाट्या वाचल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मुलीला सांगितलं, की तू म्हणतेस तेच खरं, विकू या. तिने आवाज फार मऊ केला. मोठी माणसं हरली की मुलं असा आवाज करतात. म्हणाली, "मी जाहिरात टाकते बाबा, तुम्ही काही करू नका. उद्या उजेडात मला व्हिडिओवर गाडी दाखवा, मी इकडून फोटो काढून घेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसून मी फोन लावला. मुलगी होती, आणि तिच्या खांद्यामागून बायको डोकावत होती. "मलाही दाखवा एकदा," ती म्हणाली. "जाणार ना आता ती."

मी गाडीभोवती फिरलो. मागचा पोचा दाखवला. तो चांदनी स्टेशनच्या आवारात हातगाडीला लागून आला होता, आणि कोणी कोणाला धडक दिली यावर आमचं अजून एकमत नाही. मागची सीट दाखवली. तिची सीट दाखवली. तिथे ती फोनच्या अगदी जवळ आली.

"बाबा, बॉनेट उघडा," मुलगी म्हणाली. "इंजिनाचा फोटो लागतो."

उघडलं. फोन इंजिनावर धरला.

"थांबा, थांबा," बायको म्हणाली. "ते काय आहे?"

"बॅटरी."

"बॅटरी मला कळते हो. तिच्या बाजूला. ते जांभळं."

"इंजिनात जांभळं काही नसतं."

"ती माझी साडी आहे."

"आई, इंजिनात तुझी साडी कशी असेल?" मुलगी म्हणाली.

"मला माझे पिवळे ठिपके ओळखता येत नाहीत का? अहो, खाली वाका. ती गाठ बघा. नळाचं फडकं आहे ते!"

मी खाली वाकलो. बाहेरून ते फडकं राहिलंच नव्हतं. गादीतला जुना कापूस काढल्यावर दिसतो तसा राखाडी जाड थर झाला होता, लूमचा तूस, ट्रकांची धूळ आणि मध्ये एक वाळलेला नाकतोडा. खालच्या बाजूला, जिथे धूळ पोचली नव्हती तिथे सुतळीची गाठ आणि गाठीपाशी बोटभर जांभळं कापड, त्यावर दोन पिवळे ठिपके. मला एकदम तो रविवार आठवला, हातातलं जास्तीचं फडकं आठवलं, आणि बरं वाटून आपण झोपायला गेलो होतो तेही आठवलं.

"कोणी बांधलं ते?" मुलीने विचारलं.

उत्तर द्यायची गरजच नव्हती, कारण तोपर्यंत बायको हसायला लागली होती. ती हसते तेव्हा आधी आवाजच येत नाही, नुसते खांदे हलतात, मग एकदम सगळं बाहेर येतं. "इंजिनाला... नळाचं..." एवढंच तिला म्हणता येत होतं. नात दचकून रडायला लागली, मुलगी नातीला घ्यायला धावली, आणि स्क्रीनवर नुसतं छत दिसत होतं आणि मागे बायकोचं हसणं. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. व्हिडिओ असताना कोणी फोन कानाला लावतं का? मी लावला. इतक्या महिन्यांत ती असं हसलेली मी ऐकली नव्हती.

दोस्ताला सांगितलं तेव्हा तो माझ्या दारातल्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. "पाइप बंद आहे," तो म्हणायचा आणि परत हसायचा. "कालपासून!" पण घाटात यायला तोच आधी तयार झाला.

या वेळी गाडीचं नाक मोकळं होतं आणि गावातून निघतानाच फरक कळला. पायाला हलकं लागत होतं. घाटात दुसऱ्या गिअरला पाय तळापर्यंत नेला तर गाडीने अशी उडी घेतली, की दोस्ताचे गुडघे खरंच नाकाला लागले.

"तीन हजार!" मी ओरडलो.

"अरे सांगतो... गेला ना तो पुढे! हळू घे! परत घे!"

परत घेतलं. चौतीस आणि वर थोडं. दुसऱ्यांदाही तेच. टपरीशी बॉनेटवर कागद ठेवला, तेच गणित, तेच एक्केचाळीस. चौऱ्याऐंशी टक्के! इंजिनाला काहीही झालं नव्हतं. इतके महिने ते बिचारं माझ्या काळजीच्या आतून श्वास घेत होतं. मी टपरीवाल्याला विनाकारण दोन चहा जास्तीचे सांगितले आणि बायकोला फोन लावला.

"चौऱ्याऐंशी टक्के," मी म्हणालो.

"कशाचे?"

"इंजिनाचे. गाडी उत्तम आहे. येतो मी तुला न्यायला. ठरल्याप्रमाणे."

"कोणी ठरवलं?"

"मी. म्हणजे आपण. गाडी चांगली निघाली तर तू इकडे येणार, असं ठरलं होतं ना."

"आणि नसती निघाली तर तुम्ही घर बंद करून इकडे येणार होतात."

"हो."

"म्हणजे आपण दोघांनी कुठे राहायचं ते इंजिन ठरवणार होतं?"

मी दोस्ताकडे बघितलं. तो अतिशय मन लावून किल्ल्याकडे बघत होता.

"मला एकदा तरी म्हणालात का तुम्ही, ये म्हणून?" तिचा आवाज आता हसणारा नव्हता. "दर वेळी आपलं राहा की, इथे काय अडलंय. मी म्हटलं, यांचं बरं चाललंय. मी इथे पोरीला खेळवताना मनात लालबागचं घर झाडून काढते, आणि तुम्ही मला बॅटरीचं सांगता."

मी म्हणालो, "करमत नाही गं."

नेमका तेव्हा घाटातून एक ट्रक हॉर्न वाजवत वर आला.

"काय?"

"करमत नाही."

"ऐकू येत नाहीये!"

"करमत नाही म्हणतोय!" मी ओरडलो. ट्रक तोवर निघून गेला होता. टपरीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, टपरीवाल्याने गाळणी हवेतच धरली होती, आणि दोस्ताने किल्ल्याकडे बघणं सोडून दिलं होतं.

तिकडून आधी नातीचं काहीतरी बडबडणं आलं आणि मग ती. "बरं बरं. गावाला सांगू नका." मग म्हणाली, "जावयांच्या आई येतायत पुढच्या आठवड्यात. त्या महिनाभर राहतील. तेवढे दिवस मी येते तिकडे. मग मात्र परत यावं लागेल, पोरगी अजून धरून धरून उभी राहते नुसती."

महिनाभर. मला कायमची हवी होती, पण मी घासाघीस केली नाही. "मग मी कधी निघू?" मी विचारलं. "पहाटे निघालो तर संध्याकाळी पोचतो."

"तुम्ही नका निघू. मी रेल्वेने येते, तुम्ही फक्त स्टेशनवर या."

"रेल्वेने कशाला? गाडी आहे ना! अगं, चौऱ्याऐंशी टक्के म्हणजे नव्या इंजिनासारखं झालं. तू काळजीच करू नकोस."

"अहो, इंजिनाला मी कधी नावं ठेवली?" ती म्हणाली. "चालवता तुम्ही वाईट."